आईसाठी स्नॅपर

बाबा गेले आणि आईने मासे सोडले. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या, दादरच्या मासळी बाजारात भल्याभल्यांना भाव करून दमवणाऱ्या बाईने मासे सोडले म्हणजे जेवणच सोडलं, हे तिला परदेशात, टाकानिनीला आमच्याकडे आणल्यावर मला कळलं. बायको रोज नवं काहीतरी करायची, पनीर, छोले, कधी मोड आलेली मटकी. आई दोन घास चिवडायची आणि म्हणायची, "जात नाही रे." तिचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागेल. बाबा गेले तेव्हा मी विमानात होतो. आता आई माझ्याच घरात, भरल्या फ्रिजशेजारी वाळत चालली होती, आणि मला काही म्हणता काही करता येत नव्हतं.

आधी मी वाद घातला. "आई, नवरा गेला म्हणून बाईने ताटातलं सोडायचं, हे आता कोणी पाळत नाही. बाबांना तरी आवडलं असतं का?" ती ऐकून घ्यायची आणि उठून ओटा पुसायला लागायची. ओटा आधीच स्वच्छ असायचा. त्या ओटा पुसण्याचा मला इतका राग यायचा की मी गाडी काढून उगाच एक चक्कर मारून यायचो.

मग आठवलं. घरच्या माणसाने स्वतः धरून आणलेल्या मासळीला नाही म्हणू नये, दर्या रागावतो, असं मला लहानपणी तीच सांगायची. सुपरमार्केटमधल्या फिश फिलेटला ती नाही म्हणाली. माझ्या माशाला कशी म्हणेल? अडचण एवढीच होती की मी जन्मात साधी कोळंबीसुद्धा धरली नव्हती.

इथला वसंत सुरू झाला होता. पाणी उबदार व्हायला लागलं की स्नॅपर मासा किनाऱ्याकडे येतो आणि भुकेला असतो, असं ऑफिसात सगळेच सांगत होते. मी लॅपटॉप घ्यायला जातो तशी जय्यत तयारी करून, ढीगभर व्हिडिओ पाहून मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. भिंतभर गळाला लावायचे खोटे मासे लटकत होते. रबरी, चकचकीत, गुलाबी शेपटीचे, अंधारात चमकणारे. मी नारिंगी रबरी मासे निवडले, कारण व्हिडिओतला माणूस त्यांच्याबद्दल फार खात्रीने बोलत होता. त्या रबराने मला पहिल्या रविवारी शेवाळ मिळवून दिलं आणि दुसऱ्या रविवारी माझी स्वतःचीच पँट. तिसऱ्या रविवारी मी हिरव्या रंगावर गेलो. घरी आलो की आई विचारायची, "भिजलास?" मासा मिळाला का, हे तिने कधीच विचारलं नाही.

शेवटी दुकानदाराला माझी दया आली. "रबर राहू दे, मेट," तो म्हणाला. "पिल्चर्ड घे. इझी ऍज, एकदम सोपं." त्याने फ्रीझरमधून पाकीट काढलं आणि मी बघतच राहिलो. ती आपली तारली होती. आमच्याकडे जिचं कालवण करतात ती इथे आमिष. शनिवारी संध्याकाळी मी ती बर्फ उतरायला सिंकमध्ये ठेवली.

सकाळी पाहतो तर पाकीट रिकामं. तारल्या डब्यात होत्या. खवले काढून, डोकी आणि आतडी टाकून, चांगल्या खळखळून धुऊन, हळद-मीठ लावून.

"आई, ही खायची नव्हती. आमिष होतं."

"मला काय माहीत? घरात तारली आली की साफ करायची."

मी संतापलो होतो, पण आत कुठेतरी आशा वाटली. एवढ्या महिन्यांनी तिने मासळीला हात लावला होता. म्हणून तिलाही समुद्रावर नेलं. पायमोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून ती खडकावर बसली. मी पिवळ्याधमक तारल्या गळाला लावत राहिलो आणि एकही मासा फिरकला नाही. तेल गेलेलं, वास गेलेला, त्याने तरी का यावं? शेजारच्या माणसाने डब्यात डोकावून विचारलं, "ब्रो, आमिषाला करी लावलीस?" माझा चेहरा पाहून त्याने मुकाट्याने आपल्याकडचा बोनिटो माशाचा घाणेरडा वास मारणारा तुकडा मला कापून दिला.

त्या तुकड्याला स्नॅपर लागला. कायद्याच्या मापात चांगला बसणारा, गुलाबी. आईने कल्ला उचलून आत पाहिलं आणि म्हणाली, "ताजा आहे." मला रडू आलं, ते मी पाण्याकडे तोंड करून लपवलं.

कालवण तिनेच केलं. ओलं खोबरं, कोकम, वरून कच्चं तेल. माझी मुलगी एरवी त्या वासाला नाक मुरडते, तीही म्हणाली, "आजी, स्मेल्स सो गुड." आईने सगळ्यांना वाढलं. मग स्वतःसाठी वाटीभर दहीभात घेऊन बसली.

"आई, मी धरलाय."

"दिसतंय की."

मी माझ्या ताटातली तुकडी उचलून तिच्या ताटात ठेवली. तिने ती परत माझ्या ताटात ठेवली. मग मी ओरडलो. "मरायचंय का तुला? त्या जुन्या खुळापायी मरायचंय?" मुलगी ताट घेऊन आत निघून गेली. बायकोने माझा हात धरला.

आईने ताट जरा बाजूला सरकवलं. मग हळू आवाजात बोलली.

"खूळ नाही रे. शेवटी शेवटी डॉक्टरांनी त्यांना मासे बंद केले होते. रोज विचारायचे, आज तरी एक तुकडी देतेस का? मी म्हणायचे, बरे व्हा, मग करते. एकदा रडले. एवढा मोठा माणूस. तरी नाही दिली. मला वाटलं, बरे होतील."

सगळा वसंत मी एका रूढीशी भांडत होतो. याच्याशी कसं भांडायचं, मला माहीत नव्हतं.

"जेव," ती म्हणाली. "गार होतंय. काटे बघून खा."

मी जेवलो. घास नुसते आत ढकलत होतो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ताट संपत आलं तेव्हा तिने विचारलं, "मीठ बरोबर पडलंय ना? मी चाखलं नव्हतं."

मी हो म्हणालो. तिचा दहीभात तसाच होता.