हळू बोलायची जागा

माझ्या वडिलांनी उभा जन्म पत्र्याच्या पेट्या ठोकल्या. पेट्या अजून घरोघरी शाबूत आहेत, कान मात्र गेले. कानाचं यंत्र आणलं, तर "डोक्यात दुसरं दुकान उघडल्यासारखं होतं" म्हणून त्यांनी ते एका पेटीत ठेवून वर कुलूप घातलं. मग आमच्या घरी सगळा कारभार ओरडून. भाजी काय आणायची इथपासून माझं लग्न कुठे अडलंय इथपर्यंत सगळं गल्लीला तोंडपाठ. मी चिडले की आई म्हणायची, "लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे?"

होतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, झाड नाही की पाखरू नाही अशा माळावर, एका शिल्पकार बाईंनी अख्खी टेकडी कोरून प्रचंड दगडी वाटी केली आहे. लोक म्हणाले, डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नाही. मीही त्यांच्यातलीच.

तिथल्या राखणदाराच्या खोलीवर पत्रे बसवायला बाबा गेले, डबा घेऊन आईही गेली. जेवण झाल्यावर बाबा वाटीतल्या एका कट्ट्यावर टेकले आणि आई सावली शोधत पार समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसली. तिथून ती स्वतःशीच पुटपुटली, "या माणसाला उन्हाचं काही म्हणून नाही." समोर बाबांनी मुकाट्यानं टोपी घातली. आई दचकलीच. भिंतीची गोलाई अशी आहे, की एका कट्ट्यावरचा हळू शब्द थेट दुसऱ्या कट्ट्यावर पोचतो.

तेव्हापासून दोघं दरवर्षी जातात. मी गाडी चालवायची आणि बाहेर थांबायचं. "एवढं काय बोलता?" म्हटलं, की आई म्हणते, "तुला काय करायचंय?"

यंदा बाबांना हातोडीसुद्धा ऐकू येईना. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही कळायचं. तरी आम्ही निघालो. तिथे पोचल्यावर बाबा मला म्हणाले, "माझ्याजवळ बस. तिचं ऐकू नाही आलं तर कानात सांग."

पलीकडून आईचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. "रात्री उठून माझ्यावर पांघरूण घालता ना, तेव्हा मी जागीच असते. मुद्दाम पाय उघडे ठेवते."

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं, पण हे ओरडून कसं सांगायचं?

बाबांनी हात हलवला. "राहू दे. ओरडून सांगण्यासारखं असतं, तर तिनं घरीच सांगितलं असतं."

मग ते भिंतीकडे वळले. ज्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो, ते इतकं हळू बोलले की शेजारी बसून मला अर्धंच कळलं. ते मी सांगणार नाही. पण भिंतीतून आईचं हसू आलं, आणि मागोमाग नाक ओढल्याचा आवाज. तिचे कान ठणठणीत आहेत, हे काळजीच्या भरात मी विसरलेच होते.

त्या शिल्पकार बाईंना मी मनात नाही नाही ते बोलले होते. आता त्यांना मनापासून हात जोडते. माझ्या आईवडिलांना त्यांनी हळू बोलायला जागा दिली.

गाडीत बसल्यावर आई बाबांच्या कानाशी ओरडली, "पुढच्या वर्षी यायचं ना?"

"यायचं तर," बाबा त्याहून मोठ्यानं म्हणाले. "माझं अजून निम्मं सांगायचं राहिलंय."