खळाळत्या पाण्यापाशी

ओढ्याच्या काठाकाठाने आम्ही नऊ जण जंगलात चढत होतो. दुसऱ्या वळणावर लक्षात आलं, की नाईककाका मागे नाहीत. वर्षापूर्वीच त्यांची बायपास झाली होती. आम्ही हाका मारल्या, पण खळाळत्या पाण्यापुढे त्या पोचेनात. काकूंनी माझा दंड घट्ट धरला आणि आम्ही दोघी घाईघाईने मागे उतरलो.

काका एका खडकावर, पाण्यात पाय सोडून बसले होते. माझा जीव भांड्यात पडला.

"अहो काका, किती हाका मारल्या!"

"ऐकूच आल्या नाहीत गं," ते ओशाळून म्हणाले. "वर्षभर मी छातीतले ठोकेच ऐकतोय. इथे बसलो आणि ते ऐकू येईनासे झाले. मग उठवेचना."

ज्या आवाजाने आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, त्यानेच या माणसाला स्वस्थ बसवलं होतं. शेजारच्याला पत्ताही नसतो, इतक्या एकट्याने माणूस आपली भीती ऐकत राहतो.

आता काकू रागावणार, असं मला वाटलं. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले.

"सरका जरा," त्या म्हणाल्या आणि पाण्यात पाय सोडून त्यांच्या शेजारी बसल्या.