दाजिबा आणि पाच-एकचा सेट

दाजिबा शिंपी माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. त्यांची नजर आधी कमरेवर जाई, तिथून गुडघ्यावर, तिथून घोट्यावर, आणि मग सवड झाली तर चेहऱ्यावर. मी नवी सनद घेऊन अमरावतीहून वाशीमला वकिली करायला आलो आणि सदऱ्याचं कापड घेऊन त्यांच्या दुकानाची पायरी चढलो, तेव्हा त्यांनी माझ्या पायांकडे क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "टेनिस नाई खेयत वाटते तुमी?" मी नाही म्हटलं. "बरं हाये," ते म्हणाले, "खेयणाऱ्याचे कपडे शिवाले लय जीव लागते. बसा जी."

वाशीमसारख्या गावात शिंप्यानं टेनिसची चौकशी करावी याचं मला नवल वाटलं. कारण दुकानासमोरच होतं. कचेरीच्या मागे साहेब लोकांचा क्लब होता आणि क्लबात मुरूम ठोकून, शेणानं सारवून केलेलं एक टेनिस कोर्ट होतं. क्लबातल्या सगळ्या पांढऱ्या पॅन्टी दाजिबा शिवत. जाळी फाटली की तीही तेच सांधत. संध्याकाळ झाली की मशीनवर कापड झाकून, काजं करायचं काम मांडीवर घेऊन ते कुंपणालगत जाऊन बसत. वीस-बावीस वर्षं त्यांनी असा खेळ पाहिला. हातात रॅकेट मात्र एकदाही धरली नाही. "मी शिवून पाह्यतो, खेयून नाई," असं ते म्हणत. एक नवे इंजिनिअरसाहेब आले तेव्हा पॅन्टचं माप घेतानाच दाजिबांनी आम्हाला हळूच सांगून ठेवलं, हा गडी पुढं धावणार नाही, मागंच उभा राहील. पहिल्याच दिवशी ते खरं ठरलं.

त्यांच्या दुकानात आमची एक मंडळीच जमली होती. कोर्टातले नाझर नारायणराव, अकोल्याची सर्व्हिस मोटार चालवणारा इब्राहीम, मी, आणि येणारे-जाणारे. आम्हा सगळ्यांचा जीव होता रंगराववर. रंगराव म्हणजे किन्हीराजाच्या देशमुखांचा मुलगा. नागपूरला कॉलेजात शिकून आला तो पदवीबरोबर एक रॅकेटही घेऊन आला. शेती बघायचा आणि आठवड्यातून तीन दिवस वाशीमला येऊन खेळायचा. उंच, सडपातळ, लाजाळू. बोलताना अडखळायचा, पण चेंडू असा मारायचा की समोरचे तहसीलदार तो शोधत राहायचे. दाजिबा त्याची पॅन्ट शिवायला दोन दिवस घेत आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाच्या कापडाला कात्री लावत नसत.

त्या साली दसऱ्यानंतर अकोल्याला सामने भरले आणि रंगराव थेट शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला. आम्ही इब्राहीमच्या मोटारीनं गेलो. दाजिबांनी झेंडूचा भला मोठा हार केळीच्या पानात गुंडाळून मांडीवर धरला होता. समोरचे खेळाडू होते कुठल्याशा तालुक्याचे पोक्त सबजज्ज. पोट सुटलेलं, डोक्याला टक्कल, जोरात एकही फटका नाही. फक्त आलेला प्रत्येक चेंडू ते उंच उडवून परत पाठवत, तोही शांतपणे, तारीख द्यावी तसा.

पहिला सेट रंगरावनं घेतला. दुसरा गेला. तिसऱ्यात तो पाच-एक पुढे होता. आता एकच गेम उरला होता. नाझरांनी पागोटं नीट केलं. इब्राहीम बाहेर जाऊन मोटारीला हँडल मारून ठेवू का विचारत होता. एवढ्यात दाजिबा उठले. हार चुरगळला असेल म्हणून त्यांनी पान सोडलं, हार झटकला आणि दोन्ही हातांत मोकळा धरून जाळीजवळ जाऊन उभे राहिले.

तोवर धाडधाड मारणारा रंगराव जपून खेळायला लागला. चेंडू मारायच्या ऐवजी ढकलू लागला. सर्व्हिस करताना दोनदा चेंडू जाळीत घातला. पाच-दोन झाले, पाच-चार झाले, पाच-पाच झाले. सबजज्जसाहेबांनी कपाळावरचा घाम पुसण्यापलीकडे वेगळं काही केलं नाही. सात-पाचनं सेट गेला, सामना गेला. रंगरावनं हात मिळवले आणि आमच्याकडे न बघताच तो एका नातेवाइकाच्या बैलांच्या दमणीत बसून निघून गेला.

परतीच्या मोटारीत तो हार कोणीच जवळ घेईना. पातूरच्या थांब्यावर एका बकरीनं खिडकीतून तोंड घालून तो ओढला आणि उभ्या उभ्या खाल्ला. कोणी हरकत घेतली नाही.

पुढचे दोन महिने दुकानात दुसरा विषय नव्हता. नाझरांचं म्हणणं, शेवटच्या सेटला जुने चेंडू दिले, लव उडालेले. इब्राहीमच्या मते रंगराव घाटात टॉप गिअरमध्ये चढत होता, इंजिन तापणारच. कोणी म्हणे, देशमुखांच्या घरचं तूप नडलं. कोणी म्हणे, कलेक्टरसाहेबांची मडम समोर येऊन बसली तिथंच घात झाला. शेवटी सगळे एकाच जागी येऊन थांबत: हात चांगला, पण पोराला काळीज नाही. पाच-एकवरून जो हरतो त्याला काळीज नाही, यावर आमचं एकमत होतं, आणि आमच्यातल्या एकानंही आयुष्यात कसलाही सामना खेळलेला नव्हता.

दाजिबा तेवढे मान खाली घालून मशीन चालवत. त्याच दिवसांत त्यांनी माझ्या एका सदऱ्याचा खिसा वरूनही शिवून बंद केला आणि नाझरांच्या पायजम्याला दोन्ही पाय डावे लावले. रंगराव वाशीमला यायचा बंद झाला होता. रॅकेट सोडली, आता फक्त शेती बघतो, असं कानावर आलं. त्या दिवशी दाजिबांनी टीप मध्येच थांबवली.

"वकीलसाहेब," ते मला म्हणाले, "उद्या किन्हीराजाले येता का माह्यासंगं? गुन्हा कबूल कराचा हाये. वकील पाह्यजे."

मालेगावपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं आम्ही गेलो. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. रंगरावची नजर त्या हारावर गेली आणि तिथून त्याचा हात आखडला, अशी त्यांची खात्री होती. "मी त्याले पाच-एकवरच जिंकून टाकलं," ते म्हणाले. "बिचाऱ्याले खेयाचं शिल्लकच नाई ठेवलं."

देशमुखांच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा रंगराव शेतात होता, कापसाची वेचणी चालली होती. त्याची आई ओट्यावर होती. आत चुलीशेजारी दुधाचं भांडं होतं आणि मांजरानं तोंड घालू नये म्हणून त्यावर रॅकेट उपडी ठेवलेली होती. दाजिबांनी बाईंची परवानगी घेऊन ती उचलली, उपरण्यानं तारा पुसल्या आणि रंगराव येईपर्यंत मांडीवर घेऊन बसले. रॅकेट हातात धरलेले दाजिबा मी तेवढेच पाहिले.

रंगराव आला, पाया पडला, बसला. दाजिबांनी फिरवाफिरव केली नाही.

"भाऊ, तुमी हरले नाई, मी तुमाले हरवलं. तो हार घेऊन मी तिथं उभा राह्यलो नसतो त तुमी मारत गेले असते."

रंगरावनं सदऱ्याला चिकटलेला कापूस काढला. मग म्हणाला, "कोणता हार?"

"झेंडूचा. जायीपाशी धरून होतो न मी."

"मी त पाह्यलाच नाई, दाजिबा." आणि मग अडखळत, लाजत त्यानं सांगितलं की पाच-एक झाल्यावर त्याला बक्षीस घेतानाच्या भाषणाची धास्ती पडली. इंग्रजीत बोलावं लागणार, आधी कलेक्टरसाहेबांचे आभार मानावेत की मडमचे, हेच डोक्यात फिरत होतं, आणि तेवढ्यात गेम जात गेले.

दाजिबांच्या चेहऱ्यावरून दोन महिन्यांचा शीण उतरताना मी पाहिला. ते मोठ्यांदा हसले. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी स्वतःची एक गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांच्याकडे एका बड्या अंमलदाराचा लोकरी कोट आला होता, वाशीमातला पहिलाच. कापताना ते फार जपू लागले आणि छातीतच कापड तिरपं गेलं. मग चार दिवस त्यांनी दुकान उघडलं नाही.

"पाचव्या दिवशी बायको म्हणे, तुमी काहून बसून राह्यले? ज्या हातानं बिघडलं तोच हात कापाले लागते, दुसरा आपल्यापाशी कुठं हाये?" एवढं सांगून त्यांनी रॅकेट रंगरावच्या हातात दिली. "दुधावर ताट झाका."

निघताना दाजिबा गाडीत चढले आणि बाईंनी दिलेली ज्वारीच्या हुरड्याची पुरचुंडी बांधू लागले. रंगरावनं मला बैलांच्या पुढं बाजूला घेतलं. "वकीलसाहेब, हार मी पाह्यला होता," तो म्हणाला. "पण त्यांले सांगू नका. म्हाताऱ्याचा काय दोष? हार पाहून हात माह्याच आखडला." ज्याच्या काळजावर आम्ही दोन महिने वाद घातला होता तो माणूस एवढं बोलून ज्वारीच्या ताटांमधून घराकडं चालता झाला. मी गाडीत बसलो. मालेगावपर्यंत मी दाजिबांशी कापसाच्या भावाबद्दलच बोललो.

दाजिबांनी मात्र रोग सापडला असं धरून इलाज सुरू केला. पुढच्या वर्षी सामने जवळ आले तेव्हा त्यांनी नाझरांकडून चार ओळींचं इंग्रजी भाषण लिहून घेतलं, त्याची बारीक घडी घातली आणि रंगरावच्या नव्या पॅन्टच्या खिशात ठेवून खिशाचं तोंड शिवून टाकलं. "आता ते खिशात हाये," त्यांनी बजावलं, "डोक्यात ठेवाचं काम नाई." रंगराव आपलंच खोटं खिशात घेऊन अकोल्याला गेला.

शेवटच्या सामन्याला पुन्हा तेच सबजज्ज. या खेपेस दाजिबांनी हातात काही घेतलं नाही आणि कोर्टाकडं पाठ करून ते एका लिंबाच्या झाडाकडं तोंड करून उभे राहिले. मी त्यांना एकेक चेंडू सांगत होतो. तिसऱ्या सेटला पुन्हा पाच-तीन पुढं, आणि पुन्हा पाच-पाच. नाझर देवाचं नाव घेऊ लागले. तेवढ्यात रंगरावचा हात खिशाकडं गेला. त्यानं तो शिवलेला खिसा चाचपला आणि तो हसला. भर कोर्टात, एकटाच. मग त्यानं चेंडू असा मारला की सबजज्जसाहेब पहिल्यांदा जागेवरून हललेच नाहीत. आठ-सहानं त्यानं सामना घेतला.

दाजिबांना हे पटेना. आम्ही त्यांची समजूत घालतोय असंच त्यांना वाटत होतं. ते वळले ते सबजज्जसाहेब स्वतः टॉवेलनं मान पुसत तिथं आले तेव्हा. त्यांनी विचारलं की या मुलाची पॅन्ट शिवली कोणी, मलाही तशी पाहिजे. दाजिबांनी तिथंच खिशातून फीत काढून त्यांचं माप घेतलं आणि नंतर आमच्याजवळ कबूल केलं की पोटाच्या मापानं त्यांना फार समाधान झालं. बक्षिसाच्या वेळी रंगरावला खिसा उसवेना. दाजिबांची टीप ती. शेवटी तो नुसता "आभारी आहे" म्हणाला, मराठीत, आणि टाळ्या पडल्या.

लढाईच्या दिवसांत पॅन्टींचं पांढरं ड्रिल कापड मिळेनासं झालं. क्लबही ओस पडला. दाजिबांना मोतीबिंदू झाला होता, दोरा सुईत जाईना. मानोऱ्याला मुलीकडं राहायला जायचं त्यांनी ठरवलं. ते निघाले त्याच आठवड्यात मी एक दावा हरलो होतो. बांधाचा साधा दावा, जवळजवळ जिंकलेला. युक्तिवादाच्या शेवटी न्यायाधीशांनी एक सोपा प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तीन दिवस मी ताप आल्याचं सांगून घरी पडून होतो.

चौथ्या दिवशी सकाळी मानोऱ्याकडं निघालेली मोटार माझ्या दारात थांबली. इब्राहीमनं उतरवून दिलेले दाजिबा चाचपडत आत आले, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "ताप नाई. कोट कुठं हाये?" आज माझा काही मोठा मुकदमा नाही, असं मी म्हटलं. "मंग त लहान मुकदम्याले चला." त्यांनी स्वतः माझ्या अंगावर कोट चढवला, डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून बोटांनी काजं शोधत एकेक बटण लावलं, कॉलर बसवली, आणि माझा दंड धरून कचेरीच्या फाटकापर्यंत चालत आले. मोटारीतले उतारू कुरकुरत मागून येत होते. इब्राहीम त्यांना गप्प करत होता. फाटकाशी दाजिबांनी माझा दंड सोडला, वळले आणि मोटारीत जाऊन बसले. पाठीमागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यांना दिसलं नसतं.

त्यांची माझी ती शेवटची भेट. पावसाळा संपता संपता मानोऱ्याहून दाजिबा गेल्याचं कार्ड आलं. दुकानाच्या पाटीचं फळकूट आधीच उतरलेलं होतं, तरी आम्ही तिघं त्या पायरीवर थोडा वेळ जाऊन बसलो.

दाजिबांनी मला फाटकाशी सोडलं त्या दिवशी कचेरीत मी तो लहान मुकदमाही हरलो. पण न्यायाधीशांनी प्रश्न विचारल्यावर उत्तर दिलं, आणि कोटाची सगळी बटणं लागलेली होती.