आईची राहिलेली उडी

आर. के. पुरममध्ये आमचं घर म्हणजे एका मोठ्या साहेबांच्या फ्लॅटमागची नोकरांची खोली होती. भाडं नव्हतं. त्याऐवजी आई त्यांच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक आणि धुणीभांडी करायची. बाबा वर्धा जिल्ह्यातून दिल्लीला आले ते एका सरकारी ऑफिसात रोजंदारीवर शिपाई म्हणून, आणि कायम व्हायला त्यांना बरीच वर्षं लागली. खोलीत आम्ही तिघं, एक स्टोव्ह आणि एक पेटी. थंडीत आई मला बाबांच्या खाकी कोटात गुंडाळून झोपवायची. सकाळी तोच कोट झटकून बाबा ऑफिसला जायचे, आणि मी उघडी पडल्यामुळे जागी व्हायचे. मला गजराच्या घड्याळाची गरज कधी पडली नाही.

त्या दिवसांतली एकच गोष्ट चैनीची होती आणि ती चोरीची होती. दुपारी साहेबांची मुलं शाळेत असायची, मॅडम बाहेर. टीव्हीला त्यांचा व्हिडिओ गेम जोडलेला असायचा. टीव्ही पुसताना एकदा आईच्या हातून बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर पिवळ्या डगल्यातला एक छोटा शिपाई उभा राहिला. आईने उडीचं बटण दाबलं, शिपाई खड्ड्यात पडला. त्या दिवशी वरण करपलं.

पुढे पुढे आई भांडी घाईघाईने उरकायला लागली. मी सहा वर्षांची होते. माझं काम एकच, खिडकीशी उभं राहून जिन्याकडे लक्ष ठेवायचं. आईने एकेक किल्ला सर केला. आठव्या किल्ल्याच्या दाराआधी एक रुंद खंदक होता, खाली आग. तेवढी एक उडी मारली की खेळ संपला. आईने बोटं पदराला पुसली, आणि मी जिना सोडून पडद्याकडे बघायला लागले.

मॅडम कधी वर आल्या ते मला कळलंच नाही. "तुम्हें काम के लिए रखा था," एवढंच त्या म्हणाल्या. आठ दिवसांत खोली सोडावी लागली. आईने बाबांना सांगितलं की मॅडमच्या गावाकडची बाई येणार आहे, तिला खोली हवी आहे. मी गप्प बसले. पुढची काही वर्षं आम्ही जिथे मिळेल तिथे राहिलो. ते सगळं सांगत बसले तर हा लेख रडका होईल, आणि मला तो तसा करायचा नाही.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे. हे मी कुठेही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. बी.एस्सी. झाले, गुडगावला नोकरी लागली, दिल्लीतल्याच द्वारकेत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. बाबा कायम होऊन, रिटायर होऊन आता माझ्याकडेच असतात. अर्थात आईसुद्धा. आणि गेली कित्येक वर्षं, कुठे मुलं मोबाईलवर गेम खेळताना दिसली की आई हळूच माझ्या कानात म्हणते, "माझी एक उडी राहिली बाई."

मागच्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एकीने मला सिंगल बोर्ड कॉम्प्युटर दाखवला. पत्त्यांच्या कॅटएवढा उघडा बोर्ड, त्यातच अख्खा कॉम्प्युटर. मेमरी कार्डात जुने गेम घालायचे, टीव्हीला जोडायचं, कंट्रोलर लावायचा की झालं. मी तिथल्या तिथे शोधलं तर पिवळ्या शिपायाचा गेम त्याच्या कंपनीने आता फुकट देऊन टाकला होता. त्या दिवशी मेट्रोत मी एकटीच हसत बसले होते. समोरच्या बाईने पर्स जवळ ओढली.

बोर्डांचे प्रकार मात्र डझनभर, आणि बहुतेकांची नावं फळांवरून. मी जेवणाच्या टेबलावर यादी वाचायला लागले, तर बाबांना वाटलं मी आझादपूरच्या फळमंडीचे भाव काढतेय. काय घ्यायचंय ते कळल्यावर ते उठले आणि फुलस्केप कागद, पट्टी घेऊन आले.

इथे आमच्या घरची पद्धत सांगायला हवी. बाबांनी पस्तीस वर्षं खरेदीच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. त्यामुळे आमच्याकडे तीन कोटेशनं आल्याशिवाय काही विकत घेतलं जात नाही. कुकर असाच आला, गीझर असाच आला. माझ्या स्थळांचाही त्यांनी तुलनात्मक तक्ता केला होता. सगळ्या अटी पुऱ्या करणाऱ्यांत सर्वात स्वस्त तो एल-वन, आणि घ्यायचा तो एल-वनच. खाली कमिटीच्या सह्या. कमिटी म्हणजे आई.

बाबांनी रकाने आखले. "गरजेचं कारण?"

"सहज, करमणूक," मी म्हटलं.

"करमणुकीला मंजुरी नाही. खरं कारण लिहा."

मी आईकडे पाहिलं. आई वाटाणे सोलत होती. शेंग हातात तशीच धरून तिने सगळं सांगून टाकलं, दुपारचा खेळ, आठवा किल्ला, मॅडम, खोली. सांगताना तिचा आवाज एवढा बारीक झाला की शेवटचं वाक्य ऐकायला बाबांना पुढे वाकावं लागलं.

बाबांनी पट्टी कागदावरून उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे ती गावाकडची बाई आलीच नाही."

"नाही."

"आणि उडी?"

"तेवढ्यात मॅडम आल्या ना."

"खोली गेली ती गेली," बाबा म्हणाले. "पण उडीपण गेली म्हणजे फारच झालं." आणि त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, प्रलंबित काम. आई आधी रडली की आधी हसली ते मला नीट सांगता येणार नाही. वाटाणे मात्र सोफ्याखालून आम्ही दोन दिवस वेचत होतो.

अटी मी सांगितल्या. जुना गेम आहे, फार ताकदीचा बोर्ड नको. मेमरी कार्ड चालायला हवं, कंट्रोलर लावायला जागा हवी, मोबाईलच्या चार्जरवर चालायला हवा. तीन बोर्ड पुऱ्या मार्कांनी पास झाले. बाबांनी एल-वनभोवती लाल गोल केला, आईने सावकाश सही केली. शनिवारी मी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन तो घेऊन आले. घरी तिघांनी मिळून डबी उघडली. बोर्ड इतका छोटा होता की आईने विचारलं, "बाकीचा कुठाय?"

मी टीव्हीची केबल घेतली आणि बोर्ड उलटसुलट फिरवला. मग परत फिरवला. केबल लावायला जागाच नव्हती. सोमवारी ऑफिस सुटल्यावर परत दुकानात गेले, तर काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मैडम, ये तो बिना टीवी वाला है. इसमें टीवी का छेद ही नहीं होता. आपने पूछा था क्या?"

नव्हतं विचारलं. आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. टीव्हीवर खेळायच्या यंत्राच्या अटींमध्ये आम्ही टीव्ही घालायचा विसरलो होतो. मी घरी फोन केला.

बाबा म्हणाले, "अट नव्हती तर त्या बोर्डाची चूक नाही. चूक पदवीधराची."

"आणि कमिटीची नाही का?"

"कमिटी सातवी पास आहे," मागून आई म्हणाली.

बाई चांगल्या होत्या, त्यांनी बदलून दिला. मी फोनवरच सुधारित अट वाचून दाखवली, बाबांनी तिकडे कागदावर ती चढवली, आणि एल-टू आता एल-वन झाला असं जाहीर केलं. मेट्रोच्या ब्लू लाइनने येताना डबी मी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

पडद्यावर पिवळा शिपाई उभा राहिला तेव्हा आईने बोटं पदराला पुसली. पहिल्याच खड्ड्यात शिपाई पडला. परत पडला. आठ-दहा वेळा पडला.

"हा तो नव्हे," आई म्हणाली. "हा उशिरा उडतो."

"आई, तोच गेम आहे. मधे बरीच वर्षं गेलीत. बोटांना सवय लागायला वेळ लागेल."

"बोटं माझी आहेत ना? मी दाबते तेव्हा तो झोपलेला असतो."

मी शिकलेली असल्यामुळे तिला समजावत बसले. तिने कंट्रोलर खाली ठेवला आणि कणीक मळायला गेली. तिची पाठ बघून मला एकदम तो जिना आठवला. माझ्याच्याने राहवेना, मग बसून इंटरनेटवर वाचून काढलं. आईचं खरं होतं. हल्लीचे टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतात, त्यात क्षणभर वेळ जातो, आणि उडी तेवढी मागे राहते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू केला की ते थांबतं. मी तो चालू केला आणि आईला पिठाच्या हातानिशी ओढत आणलं. पहिला खड्डा पार.

"उठला मेला," आई म्हणाली.

सात किल्ले व्हायला दोन आठवडे लागले. बाबांना जेवण वेळेवर मिळेना, त्यांनी तक्रार लेखी दिली. मग एका रविवारी सकाळी आई आठव्या किल्ल्यापाशी पोचली. बाबांनी खुर्ची उचलली आणि दाराशी नेऊन ठेवली.

"पहारा माझ्याकडे. मागचा पहारेकरी बिनकामाचा होता."

"बाबा, मी सहा वर्षांची होते."

"जिन्याला वय नसतं. गप्प बस."

खंदक आला. खाली आग. आईने शिपाई काठावर आणला, आणि दाराची बेल वाजली. आईचा अंगठा बटणावरच थांबला. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं, अगदी त्या दिवशी पाहिलं होतं तसं. परत बेल. सोसायटीचा वॉचमन होता, मेंटेनन्सची पावती घेऊन आलेला.

बाबा खुर्चीवरून हलले नाहीत. पस्तीस वर्षं साहेबांच्या केबिनबाहेर काढलेल्या आवाजात ते बंद दारातून म्हणाले, "बाद में आइए. मैडम मीटिंग में हैं."

आई खुदकन हसली. हसता हसताच ती पडद्याकडे वळली, आणि तिने बटण दाबलं. शिपाई खंदकावरून पलीकडे गेला आणि किल्ल्याचं दार उघडलं. आईने तो खेळ पूर्ण केला.