केळीच्या रानातली पंगत

लातूरच्या नव्या बंगल्यात वर्षाराणीनं जेवणघराचं पार रान करून टाकलं, तेव्हा तिची सासू गुरम्मा सत्तरी ओलांडून गेली होती आणि आयुष्यात एकदाही टेबलाशी बसून जेवलेली नव्हती.

रान म्हणजे अगदी रानच. एका भिंतीवर छतापर्यंत केळीच्या पानांचा वॉलपेपर, कोपऱ्यांत पामच्या कुंड्या, वेताच्या खुर्च्या, टेबलावर उलट्या टोपलीसारखा टांगलेला दिवा आणि उशांवर लाल चोचीचे पोपट. याला ट्रॉपिकल म्हणतात, हे सुनेनं सासूला समजावून सांगितलं. केरळातल्या कुठल्याशा हॉटेलात तिनं तसली खोली पाहिली होती आणि तेव्हापासून ती तिच्या डोक्यातून जात नव्हती. ज्या लातूरला एका उन्हाळ्यात प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथं माणसानं घरात पाम पोसावेत! आता हौसेपुढं कुणाचं काय चालतं? गुरम्मानं भिंतीवरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "एवढी केळी लावलीस गं, अन् एकीला बी घड न्हाई?"

वर्षाराणी खळखळून हसली. मनानं उमदी पोरगी. म्हणाली, "घड तुम्ही आणा, आत्या. पण आता स्वयंपाकघरात एकटीनं जेवायचं नाही हं. इथं बसायचं, सगळ्यांबरोबर."

त्या दिवशी गुरम्माला भाजी निवडताना दोनदा हसू आलं.

लग्न होऊन ती भालकीहून उदगीरला आली ती भरल्या घरात. सासऱ्यांचं मोंढ्यात भुसार मालाचं दुकान. सासरे, दीर, वसुलीला आलेले पाव्हणे, अशी दुपारची पंगत बसायची. लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नसे. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटांनी ताट निपटायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्न हा प्रसाद, त्याचा कण वाया घालवायचा नाही. आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. वाढता वाढता गुरम्मा त्या ओळीकडं बघायची. तिला ती फार आवडायची. तिचं स्वतःचं जेवण मात्र सगळं आवरल्यावर, चुलीपुढं, तळाच्या आमटीबरोबर. ती जेवली की नाही हे विचारायला कुणाला सवड नव्हती, आणि तिलाही त्याचं काही वाटत नव्हतं, निदान तसं ती समजत होती.

पुढं सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, मुलगा उमाशंकर शिकायला पुण्याला गेला. घरात नवरा-बायको दोघंच उरली. एक दिवस नवऱ्यानं, नागप्पानं, तिचं ताट आपल्या शेजारी ओढून घेतलं. मोंढ्यातल्या माणसाचं जेवण ते, भरभर उरकायचं. हिचे घास मात्र सावकाश. त्याचं ताट धुऊन पिऊन व्हायचं, हात वाळून जायचा, तरी तो मांडी घालून बसलेला.

"उठा की. दुकानात माणसं खोळंबली असतील."

"ऊटा आगली," तो कानडीत म्हणायचा. जेवण होऊ दे.

एरवी हा माणूस गोड बोलणारा मुळीच नव्हता. पण त्या बसण्यात जे होतं ते गुरम्माला कळायचं. तो गेला, ती लातूरला मुलाकडं राहायला आली, आणि जेवताना तिच्याजवळ बसणारं कुणी राहिलं नाही. देवळात, सणाला, त्याच्या फोटोला हार घालताना तिला एवढं रडू यायचं नाही. पहिला घास घेताना यायचं.

म्हणून नव्या घराच्या पहिल्या जेवणाला ती ठेवणीतलं इरकल नेसून, लिंगपूजा आटोपून, वेताच्या खुर्चीत येऊन बसली. पुरणपोळी होती, येसराची आमटी होती. सुनेच्या मैत्रिणी आल्या होत्या. सजावटीला शोभतील अशा थाळ्या वर्षाराणीनं मुद्दाम आणल्या होत्या: चिनी मातीच्या, हिरव्या, केळीच्या पानाच्या आकाराच्या. दिसायला देखण्या आणि सपाट, काठ म्हणून नाहीच.

गुरम्मा पोटभर जेवली. मग हाताच्या सवयीनं थाळीत पाणी ओतलं. पाणी कुठं थांबणार? ते चारी बाजूंनी निघालं ते थेट शेजारच्या बाईच्या रेशमी मांडीवर. ती किंचाळून उठली. एकच धांदल उडाली.

"आजींचा हात थरथरतो वाटतं," कुणीतरी कनवाळूपणानं म्हणालं.

"हाव," गुरम्मा म्हणाली. "म्हातारपण, दुसरं काय." चारचौघांत सुनेच्या थाळीला नाव कशाला ठेवायचं? पण दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा स्वयंपाकघरात पाटावर.

वर्षाराणीला उलगडा व्हायला दोन-तीन दिवस लागले. एका सकाळी ती चांगल्या उभ्या काठाचं स्टीलचं ताट घेऊन आली. तिचे डोळे भरले होते. "आमचे आजोबाही ताट धुऊन प्यायचे, आत्या. आणि मी थाळ्या घेताना नुसता रंग बघत बसले."

"पुसून घे डोळे. लई शोभिवंत हायेत गं तुझ्या थाळ्या."

त्या दुपारी गुरम्मा परत टेबलाशी बसली. सगळेच होते. कवळीनं भाकरी चावायला तिला वेळ लागायचा. तिची अर्धी भाकरी झाली तेवढ्यात उमाशंकरचा फोन वाजला. तो बोलत बोलतच उठला आणि हात धुऊन बाहेर गेला. नात अक्षरा ट्यूशनला उशीर झाला म्हणून पळाली. समोर दोन खरकट्या थाळ्या राहिल्या. भरल्या घरात, केळीच्या त्या हिरव्यागार रानात आपण पुन्हा चुलीपुढंच बसलोय असं गुरम्माला वाटलं. वर्षाराणीनंही शेवटचा घास घेतला आणि खुर्ची मागं सरकवली.

गुरम्मानं जन्मात कुणाला स्वतःसाठी थांब म्हटलं नव्हतं. नागप्पालासुद्धा नाही, तो आपणहून थांबला होता.

"वर्षा," ती म्हणाली आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "बस की गं."

"काही वाढू का, आत्या?"

"काय नगं. माझं होईस्तोवर नुसती बस."

वर्षाराणी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं खुर्ची पुढं ओढली आणि खरकटा हात तसाच ठेवून बसली. गुरम्मा तिच्या चालीनं जेवली. तिनं ताटात पाणी घातलं, बोटांनी निपटलं, दोन्ही हातांनी ताट उचलून प्याली. तोवर वर्षाराणीचा हात कोरडा ठणठणीत वाळून गेला होता.

मग दोघी एकदमच उठल्या.