आपल्या माणसाची कातडी

धामणकर नाक्यावरच्या हरेशच्या टॅटूच्या दुकानात सुवर्णा आठ महिने दर आठवड्याच्या सुट्टीला येत होती. उरलेले दिवस ती कशेळीच्या गोदामात खोकी बांधी. दुकानात तिने फरशी पुसली, खुर्ची जंतुनाशकाने धुतली, वापरलेल्या सुया डब्यात बंद केल्या आणि रबरी कातडीवर इतक्या रेषा ओढल्या की तिचं मनगट झोपेतही हलत असे. माणसावर मशीन चालवू द्यायला मात्र हरेशची एकच अट होती: पहिली कातडी आपल्या माणसाची हवी, आणि त्याने ती राजीखुशीने द्यायला हवी. परक्याच्या अंगावर हात साफ करायचा नाही.

अट न्याय्य होती, म्हणूनच ती तिला टाळता येईना. एवढ्या माणसांनी भरलेल्या शहरात आपलं म्हणावं असं कोण, हे तिला पहिल्यांदाच शोधावं लागलं. खोलीत सोबत राहणाऱ्या करिष्माला विचारलं तर ती म्हणाली, "माझ्या हातावरचं त्या मेल्याचं नाव आधी पुसून दे. मग नवीन काढ."

शेवटी ती डोंगराकडच्या पाड्यावर आईकडे गेली. आईचे, मंगळीचे, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले होते. पोटऱ्या कोऱ्या होत्या. सुवर्णाने पोटरी मागितली.

मंगळीने चूल फुंकली. "नव वर्साची व्हते मी. चार बायांनी दाबून धरलं. कुनी इचारलं न्हाय."

"मी विचारतेय ना, आई."

"तू इचारतेस, म्हनून सांगते. नको, बाय."

थोडा हट्ट धरला असता तर आई नमली असती. सुवर्णाने तो धरला नाही.

"आईने नको म्हटलं," तिने हरेशला सांगितलं.

"समजूत घालायचीस."

"तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं, दादा. तिचं 'नको' मी कसं मोडू?"

"मग दुसरं आपलं माणूस कोण?"

"मीच."

त्याने हातमोज्यांचा खोका तिच्याकडे सरकवला.

सुवर्णाने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली. आईच्या मनगटावर आहेत तसे पाच ठिपके तिने पोटरीवर आखले. आईला धरायला चार बाया होत्या. सुवर्णाने उजव्या हातात मशीन घेतलं आणि डाव्या हाताने स्वतःचाच पाय धरून ठेवला.

हरेशने वाकून पाहिलं. "चौथा खोल गेला."

"कळलं मला."

"मग पुढच्या सुट्टीपासून माझ्या शेजारी मशीन घेऊन बस."

पट्टी तिची तिनेच बांधली.