शेपटीकडचा खड्डा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही. काम गुप्त होतं, हे कारण मला आयतंच मिळालं होतं — पण मी गप्प बसलो तो शपथेपायी नव्हे. मी भित्रा आहे. आता लिहितानासुद्धा दाराला कडी लावून बसलोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सैन्याच्या विमानाला उडता उडता उपग्रहामार्फत बोलता यावं, म्हणून त्याच्या पाठीवर बसवायचा अँटेना मी तयार करत होतो. चाचणीला मोकळं रान हवं. मी आपल्याच मुलखातली जागा सुचवली — लाखनीजवळ, धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बाजूला तलाव. लाकडी खांबावर पत्र्याचं छोटं विमान बसवायचं, ते हळूहळू फिरवायचं, आणि कुठल्या बाजूला लहरी कमी पडतात ते यंत्राचं पेन कागदावर रेघेनं काढायचं. गावकरी चेष्टा करायचे, "साहेब, धान त कापून झाला, आता बुजगावणं कायले?"

रेघ छान फिरायची, आणि विमानाच्या शेपटीपाशी धपकन खाली जायची. खड्डा! म्हणजे शेपूट उपग्रहाकडे झाली की बोलणं बंद. मी म्हटलं, तलावाच्या पाण्यावरून लहरी परततात, त्याचा हा खेळ. माझा तंत्रज्ञ हिरामण, सानगडीचा, हसला. "तलावाले कायले बोल लावता साहेब? खांब दूर नेऊन पाहू ना." नेला. पार मैलभर. खड्डा शेपटीपाशीच. म्हणजे दोष तलावाचा नव्हे, माझ्या रचनेचा.

खांब हलवल्यावरच्या त्या दुसऱ्या कागदावर आम्हा दोघांच्या सह्या होत्या. पुन्हा रचना करायची तर वर्ष गेलं असतं, आणि वरिष्ठांपुढे मी आधीच फुशारकी मारून बसलो होतो. मग काय केलं मी? — पहिल्या कागदाची स्वच्छ प्रत काढली, शेपटीपाशी रेघ हातानं सरळ केली. दुसरा कागद चुलीत घातला.

विमान उडालं. खाली मी कानाला यंत्र लावून बसलो होतो. विमान वळलं — आणि आवाज गेला. वर पाच माणसं, सगळीकडे ढग. काही मिनिटांनी विमान परत वळलं, आवाज आला, सगळे सुखरूप उतरले. तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मी तोंड उघडलं असेल?

चौकशी बसली. विमानातली जोडणी हिरामणनं केली होती. ती सैल राहिली असावी, असं मी म्हणालो. असावी! तो चौकशीच्या अधिकाऱ्यांकडे हात करून माझ्याकडे वळला. "साहेब, तुमीच सांगा ना यायले, दुसरा कागद होता का नाही?" विनवणी नव्हती हो त्यात. खात्री होती. मी टेबलाकडे बघत म्हणालो, "कोणता कागद? मला आठवत नाही."

त्याची नोकरी गेली. मी अँटेना गुपचूप सुधारला, वर शाबासकी घेतली. हिरामण सानगडीच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायला बसला. त्या गावावरून जाणाऱ्या एसटीत मी पुन्हा कधी चढलो नाही. न जाणो, तो समोरच्या सीटवर असला तर?

परवा त्याच्या मुलीचं पत्र आलं. हिरामण वारला. शेवटपर्यंत एका कागदाचं बोलत होता म्हणे. तिनं एवढंच विचारलंय — काका, तो कागद खरंच होता का?

एका शब्दाचं काम होतं. चार दिवस पत्र उशाखाली ठेवलं. काल उत्तर पेटीत टाकून आलो. लिहिलंय — आठवत नाही.